विमानाच्या पोटातला डिओ

आपल्या होस्टेलच्या कुठल्याही खोलीत जा. टेबलावर पुस्तकं असोत वा नसोत, डिओची बाटली असतेच असते. सबमिशनच्या दिवशी अंघोळीला वेळ नसतो तेव्हा तीच आपली अंघोळ! खिडकीत डासांसाठी हिट, कपाटावर शेव्हिंग फोम, क्रिकेटवाल्यांकडे दुखऱ्या खांद्यावर मारायचा स्प्रे, आणि आम्हा मेकॅनिकलवाल्यांच्या खाटेखाली रंगाचे स्प्रे नि गंजलेले नट सोडवायचं डब्ल्यूडी-४०. हे डबे आपल्या इतक्या सवयीचे झालेत की त्यांच्यावर बारीक अक्षरात काय छापलंय हे चार वर्षांत आपण एकदाही वाचत नाही.

मीही वाचलं नव्हतं. वाचायची वेळ आली ती थेट विमानतळावर, आणि तीही चारचौघांत.

झालं काय?

आमची टीम स्वतः बनवलेली गाडी घेऊन परराज्यात एका स्पर्धेला निघाली होती. गाडी ट्रकने पुढे गेली. आम्ही चौघे मागून विमानाने जाणार होतो. चौघांपैकी तिघांचा हा पहिलाच विमानप्रवास, त्यामुळे आदल्या रात्री खोलीत नुसता गोंधळ. घरून फोनवर फोन. "पासपोर्ट साइज फोटो घेतलेस का?" इथपर्यंत सूचना चालू होत्या. देशातल्या देशात जायला फोटो कशाला लागतो, ते आईला विचारायची कोणाची हिंमत नाही.

गाडीच्या फ्रेमवर ओरखडे पडले तर टच-अपला लाल रंगाचा स्प्रे हवा होता. अर्धा भरलेला एक डबा वर्कशॉपमध्ये सापडला. त्याचं टोपण केव्हाच हरवलेलं. "टाक रे तसाच, तिकडे मिळेल न मिळेल," असं म्हणून मी तो पाने-स्क्रूड्रायव्हरच्या पिशवीत कोंबला, ती पिशवी माझ्या मोठ्या बॅगेत कोंबली, वर शर्ट, जीन्स, आणि कोपऱ्यात पॉवर बँक. चेन दोनदा अडकली. गुडघा ठेवून लावली.

पहाटेच्या गाडीने बोईसर सोडलं, अंधेरीला उतरलो, रिक्षाने सहारला पोचलो. काउंटरवरच्या ताईंनी एका कार्डावरची चित्रं दाखवून विचारलं, "यातलं काही आहे का बॅगेत? स्प्रे, बॅटरी, पेटणाऱ्या वस्तू?" मी पटकन "नाही" म्हणालो. खोटं बोलायचं असं काही ठरवलेलं नव्हतं हो! मागे रांग होती, कार्डाकडे मी धड बघितलंही नव्हतं, आणि "हो" म्हटलं तर उगाच लचांड मागे लागेल एवढंच डोक्यात होतं.

अर्ध्या तासाने माझं नाव पुकारलं गेलं. एका खोलीत माझी बॅग टेबलावर ठेवलेली. सुरक्षा कर्मचाऱ्याने मला चेन उघडायला लावली आणि भपकन थिनरचा वास आला. दहा नंबरचा पाना नॉझलवर दाबून बसला होता. तीन शर्ट लाल. पॉवर बँकेच्या पिशवीवरसुद्धा लाल शिंतोडे. त्याने विचारलं, "काय शिकता?" मी म्हणालो, "मेकॅनिकल, सर. शेवटचं वर्ष." तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "मग तुम्हाला आम्ही काय सांगायचं?"

ओरडला असता तर बरं वाटलं असतं. स्प्रे आणि पॉवर बँक बाहेर काढून, लिहून देऊन, धावतपळत विमान गाठलं. परत आल्यावर ही गोष्ट मेसमध्ये रंगवून सांगत होतो तेव्हा मागे सर उभे होते. ते म्हणाले, "छान. आता हे मासिकासाठी लिही. पण नुसती गंमत नको, गणित पाहिजे." तर हा तो लेख.

डब्याच्या आत काय असतं?

आपल्याला वाटतं डब्यात दाबलेली हवा असते. तसं नसतं. बहुतेक डिओ, हिट आणि रंगाच्या डब्यांत मूळ पदार्थासोबत द्रवरूप वायू भरलेला असतो. त्याला प्रोपेलंट म्हणतात. हा प्रोपेलंट म्हणजे प्रोपेन, ब्युटेन, आयसोब्युटेन यांचं मिश्रण. ओळखीचं वाटतंय ना? घरच्या गॅस सिलिंडरमध्ये जो एल.पी.जी. असतो त्याचाच हा भाऊ. फक्त वास येण्यासाठी सिलिंडरच्या गॅसमध्ये जे मिसळतात ते इथे नसतं, कारण डिओला तो वास कोणाला चालेल? म्हणजे गळती झाली तर नाकाला सूचना मिळेलच असं नाही, हे लक्षात ठेवा.

डब्यात खाली द्रव, वर त्याची वाफ. आपण नॉझल दाबलं की वाफेचा दाब द्रवाला नळीतून वर ढकलतो. थोडी जागा रिकामी झाली की थोडा द्रव उकळून वाफ होते आणि दाब पुन्हा होता तेवढाच. म्हणूनच डिओ पहिल्या दिवशी जितक्या जोरात येतो तितक्याच जोरात महिनाभराने येतो. सायकलच्या ट्यूबमधली हवा जशी हळूहळू कमी होत जाते तसं इथे होत नाही. द्रवाचा शेवटचा थेंब असेपर्यंत डबा पूर्ण दाबाखाली असतो. "संपत आलाय, आता काय होणार" हे म्हणणं म्हणूनच चुकीचं.

इथे एक गंमत सांगतो. सरांनी मला विचारलं, "२० अंशाला डब्यात ३ बार दाब आहे. ५० अंशाला किती होईल?" मी लगेच वायूचा नियम लावला. केल्विनमध्ये २९३ चे ३२३ झाले, म्हणजे दाब ३.३ बार. सर हसले. तो नियम नुसत्या वायूला. इथे खाली द्रव आहे, म्हणून बाष्पदाब बघायला हवा. शुद्ध आयसोब्युटेनचे आकडे साधारण असे आहेत (हे निरपेक्ष दाब आहेत, म्हणजे त्यात बाहेरच्या हवेचा १ बार धरलेला आहे):

२० अंश – ३ बार
३० अंश – ४ बार
४० अंश – ५.३ बार
५० अंश – ६.८ बार
६० अंश – ८.७ बार

माझं उत्तर ३.३, खरं उत्तर ६.८. निम्म्याहून जास्त चुकलो! परीक्षेत दोन मार्क गेले असते, गाडीच्या डिकीत हात गेला असता.

पहिला गैरसमज: उंचीवर डबा फुटतो

आता विमानाकडे वळू. होस्टेलमध्ये कोणालाही विचारा, "डिओ विमानात का नेऊ देत नाहीत?" उत्तर ठरलेलं: "वर हवा विरळ, बाहेरचा दाब कमी, डबा फुटतो." ऐकायला शास्त्रीय वाटतं. करून बघू गणित.

विमान ३६,००० फुटांवर असताना बाहेर हवेचा दाब जेमतेम ०.२३ बार असतो. पण आत आपण श्वास घेतो ना? प्रवासी विमानाच्या केबिनमध्ये दाब राखलेला असतो. फार तर ८,००० फूट उंचीच्या डोंगरावर जेवढा असतो तेवढा, म्हणजे सुमारे ०.७५ बार. आणि आपलं सामान जिथे जातं तो विमानाच्या पोटातला कप्पाही त्याच दाबाच्या कवचात असतो. म्हणजे डब्याच्या बाहेरचा दाब १ बारवरून ०.७५ झाला. डब्याच्या पत्र्यावरचा ताण वाढला तो पाव बारने.

वरच्या आकड्यांत बघा, २० ते ३० अंशांत दाब १ बारने वाढतो. म्हणजे पाव बार म्हणजे अडीच अंश! बोईसरच्या सकाळी आणि दुपारी यापेक्षा जास्त फरक असतो. अगदी विमानातला सगळा दाब निघून गेला असं धरलं तरी ताण पाऊण बारच्या आसपास वाढेल, म्हणजे सात-आठ अंश तापमान वाढल्यासारखा. डबा बनवणारे याच्या कितीतरी पुढचा विचार करतात. युरोपच्या नियमांत धातूच्या डब्याची चाचणी ५० अंशाला आत जो दाब असेल त्याच्या दीडपट, आणि कमीत कमी १० बार दाबाने करायची असते. भरलेले डबे गरम पाण्याच्या टाकीतून काढून गळती तपासण्याची पद्धतही त्यातच आहे. डबा काठोकाठ भरतही नाहीत, कारण तापल्यावर द्रव फुगतो आणि त्याला जागा लागते.

उलट उडत्या विमानाच्या पोटात गारवा असतो, त्यामुळे आतला दाब उतरतो. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीतलं तापमान बाहेरच्यापेक्षा सहज २० अंशांनी वर जातं. मे महिन्यात डॅशबोर्डवर ठेवलेल्या डिओला जो त्रास होतो, त्याच्या मानाने विमानातला डिओ निवांत झोपलेला असतो म्हणायला हरकत नाही.

मग भीती कशाची?

भीती आहे ती गळतीची आणि आगीची. परत थोडं गणित, कंटाळू नका.

हवेत ब्युटेनचं प्रमाण साधारण १.८ टक्के झालं की मिश्रण पेटू शकतं. साडेआठ टक्क्यांच्या आसपास वरची मर्यादा आहे. त्याहून जास्त झालं तर हवा अपुरी पडते. आता ७० लिटरची एक मोठी बॅग घ्या. तिचे १.८ टक्के म्हणजे सव्वा लिटर वायू. खोलीच्या तापमानाला एक मोल वायू साडेचोवीस लिटर जागा घेतो आणि एक मोल ब्युटेन ५८ ग्रॅम भरतं. म्हणजे सव्वा लिटरला लागणारं ब्युटेन फक्त ३ ग्रॅम!

बॅग हवाबंद नसते, कपड्यांनी भरलेली असते, हे मान्य. पण अंदाज येण्यापुरतं हे पुरे. टोपण नसलेला डबा, त्यावर दाबलेला पाना, आणि पाच-दहा सेकंद फवारा. माझ्या बॅगेत नेमकं हेच चाललं होतं, आणि शेजारी होती पॉवर बँक. ठिणगीला फार काही लागत नाही. ब्युटेन पेटायला एक मिलिज्यूलच्या पाव भागाएवढी ऊर्जा पुरते. नायलॉनचा शर्ट काढताना जी चटचट होते, तीसुद्धा काही वेळा याहून मोठी असते.

आणि एका डब्यात ५० ग्रॅम गॅस धरला, तर तो पूर्ण जळल्यावर मिळणाऱ्या उष्णतेत सात लिटर पाणी उकळायला येईल. मेसच्या चहाचं एक मोठं पातेलंच की!

ही काही फक्त पुस्तकातली गोष्ट नाही. जानेवारी २०२५ मध्ये आपल्याच पालघर जिल्ह्यात, नालासोपाऱ्यात, एका घरात परफ्युमच्या बाटल्यांवरची मुदतीची तारीख बदलण्याचं काम चालू असताना स्फोट झाला आणि एकाच कुटुंबातले चौघे जखमी झाले. त्यात दोन मुलंही होती. राहती खोली ती, कारखाना नव्हे. बंद जागा, साचलेली ज्वलनशील वाफ आणि कुठूनतरी एक ठिणगी, एवढंच लागतं. तारापूर एमआयडीसीच्या कुशीत राहणाऱ्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको. पण कंपनीच्या गेटवर काडेपेटी काढून ठेवणारे आपण, आपल्याच बॅगेचा विचार करत नाही.

ओझोन वाचला, गॅस बदलला

जुन्या लोकांना आठवत असेल, पूर्वीचे स्प्रे पेटत नसत. त्याची एक कथा आहे. एरिक रॉथाइम या नॉर्वेच्या इंजिनिअरने १९२० च्या दशकात दाबाच्या डब्यातून फवारा मारण्याची कल्पना पेटंट केली. पण ती घराघरात पोचली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. पॅसिफिकच्या बेटांवर अमेरिकन सैनिक मलेरियाने बेजार झाले होते. गुडह्यू आणि सुलिव्हन या दोघा अमेरिकन संशोधकांनी डास मारायचा हातात मावणारा फवारा तयार केला. त्याचं पेटंट १९४३ चं. म्हणजे आपलं हिट हे त्या युद्धातल्या डब्याचंच नातवंड!

त्या डब्यांत फ्रिऑन, म्हणजे सीएफसी, असे. न पेटणारं, विषारी नसलेलं, स्वस्त. सगळे खूश. पण १९७४ साली मोलिना आणि रोलंड यांनी दाखवून दिलं की हेच सीएफसी वर जाऊन ओझोनचा थर खातं. अमेरिकेने १९७८ मध्ये बहुतेक स्प्रेंमधून ते हद्दपार केलं, १९८७ मध्ये मॉन्ट्रिअल करार झाला, भारत १९९२ मध्ये त्यात सामील झाला. सीएफसीच्या जागी आलं ते स्वस्त आणि सहज मिळणारं एल.पी.जी. ओझोन वाचला हे उत्तमच झालं, पण न पेटणाऱ्या डब्याच्या जागी पेटणारा डबा प्रवाशांच्या बॅगेत येऊन बसला.

विमान बनवणाऱ्यांना हे ठाऊक आहे. सामानाच्या कप्प्यात आग विझवायला हॅलॉन नावाचा वायू सोडतात. त्याला पर्याय म्हणून नवा वायू आणायचा असेल, तर त्याला अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या, म्हणजे एफएएच्या, ठरलेल्या परीक्षा द्याव्या लागतात. त्यातली एक परीक्षा काय असेल? 'फुटणारा एरोसॉलचा डबा'! आपल्या डिओने विमानशास्त्राच्या पेपरात एक अख्खा प्रश्न मिळवला आहे.

चाळीस सेकंद

२०१७ साली एफएएने एक प्रयोग जाहीर केला. एका बॅगेत चार्ज केलेला लॅपटॉप ठेवला आणि त्याच्या लिथियम बॅटरीला मुद्दाम तापवलं. बॅटरी बिघडून स्वतःच तापत गेली की काय होतं ते बघायचं होतं. एका चाचणीत त्या लॅपटॉपला ड्राय शॅम्पूचा एक डबा बांधला होता. ड्राय शॅम्पू, म्हणजे नियमात बसणारी, कोणाच्याही बॅगेत सापडेल अशी वस्तू. आग जवळजवळ लगेच लागली, आणि चाळीस सेकंदांच्या आत डबा फुटला.

यातलं गणित असं. कप्प्यातला धूर यंत्राला कळायचा, वैमानिकाला सूचना जायची, त्याने हॅलॉन सोडायचा आणि तो सगळीकडे पसरायचा. याला जेवढा वेळ लागतो त्याच्या आधीच स्फोट होऊ शकतो, असा एफएएचा निष्कर्ष होता. आणि स्फोटाने कप्प्याचं अस्तर फाटलं तर हॅलॉन तिथे टिकणार कसा?

लक्षात घ्या, दोन्ही वस्तू आपापल्या जागी तशा गरीब. डबा एकटा असता तर आपणहून पेटला नसता. बॅटरी एकटीच धुमसली असती तर हॅलॉनला निदान संधी होती. घात केला तो शेजाराने. आणि बॅगेत कोणाशेजारी कोण झोपणार हे ठरवतो कोण? विमान कंपनी नाही, पायलट नाही. आपण, आदल्या रात्री, होस्टेलच्या खोलीत!

म्हणूनच आज पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या फक्त केबिनमध्ये, आपल्याजवळ ठेवायच्या असतात. तिथे धूर निघाला तर कोणीतरी बघतं, पाणी मारतं. पोटातल्या कप्प्यात बघणारं कोणी नसतं.

टोपणाची किंमत

तुम्ही म्हणाल, एका टोपणाचं एवढं काय? तर ही एक खरी घटना ऐका. ११ मे १९९६. व्हॅल्यूजेट कंपनीचं ५९२ क्रमांकाचं विमान मायामीहून अटलांटाला निघालं. त्याच्या पोटात दुसऱ्या विमानांतून काढलेले, मुदत संपलेले ऑक्सिजन जनरेटर खोक्यांत भरून पाठवले होते. आपत्कालीन मास्कला ऑक्सिजन पुरवणारे ते छोटे नळकांडे. ते चालू झाले की रासायनिक क्रियेने ऑक्सिजन निघतो आणि नळकांडं भयंकर तापतं. चुकून चालू होऊ नये म्हणून त्यांच्या टोकावर प्लॅस्टिकचं साधं टोपण घालायचं असतं. ते घातलेलं नव्हतं. आणि सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, 'रिकामे'.

उड्डाणानंतर दहा मिनिटांत विमान दलदलीत कोसळलं. ११० माणसं होती. कोणीही वाचलं नाही. त्या कप्प्याची रचनाच अशी होती की दार बंद असल्यावर आतला ऑक्सिजन संपून आग विझावी. पण इथे तर आगच स्वतःचा ऑक्सिजन घेऊन आली होती. पुढे अमेरिकेने अशा सर्व कप्प्यांत धूर ओळखणारी आणि आग विझवणारी यंत्रणा सक्तीची केली.

हे वाचताना मला घाम फुटला. प्रमाण वेगळं, वस्तू वेगळी, पण चुका त्याच दोन. टोपण नव्हतं आणि उत्तर खोटं होतं. 'रिकामे' लिहिणाऱ्याला तरी कुठे कोणाला मारायचं होतं? त्यालाही काम उरकायचं होतं. माझ्या मागे रांग होती, त्याच्या मागेही काहीतरी घाई असेलच.

नियम काय सांगतो?

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे आयकाओ, धोकादायक वस्तूंचे नियम ठरवते आणि जगभरच्या विमान कंपन्या त्यावर चालतात. भारतात यासाठीचे स्वतंत्र नियम २००३ साली आले, देखरेख डीजीसीएची. आपल्यापुरता सारांश असा:

१) अंगाला लावायच्या आणि औषधी वस्तू चालतात. डिओ, हेअर स्प्रे, शेव्हिंग फोम, परफ्युम, दुखण्यावरचा स्प्रे. पण एक वस्तू ५०० मिली किंवा अर्ध्या किलोपेक्षा मोठी नको, आणि एका प्रवाशाच्या सगळ्या मिळून २ लिटर किंवा २ किलोपेक्षा जास्त नको. बिनागॅसचे बॉडी स्प्रेही यात मोजायचे, कारण त्यांत अल्कोहोल असतं.

२) नॉझलवर टोपण किंवा दुसरं काही संरक्षण हवंच. टोपण नाही तर डबा नाही.

३) ज्वलनशील असून अंगाला लावायचे नाहीत ते डबे चालत नाहीत, ना हातातल्या बॅगेत, ना मोठ्या बॅगेत. रंगाचा स्प्रे, डास-झुरळांचे ज्वलनशील फवारे, लायटरमध्ये भरायचा गॅस, वर्कशॉपचे क्लीनर. डबा दिसायला डिओसारखाच असला तरी फरक आहे. मिरपुडीचा स्प्रेही आयकाओच्या नियमांत बाद.

४) परदेशी जाताना हातातल्या बॅगेत द्रव, जेल आणि स्प्रे १०० मिलीच्या आतल्या डब्यांतच, आणि ते सगळे एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. हा नियम ऑगस्ट २००६ मध्ये लंडनला द्रव स्फोटकांचा कट उघडकीला आला त्यानंतरचा. त्याचा आगीशी नाही, सुरक्षेशी संबंध आहे. दोन नियमांची गल्लत करू नका.

५) विमान कंपनी याहून कडक असू शकते. तिकिटासोबत आलेली सूचना वाचा.

एम.एस.ला जाणारे आपले सीनियर इथून डझनभर डिओ नेतात, तिकडे महाग म्हणून. १५० मिलीचे १२ म्हणजे १८०० मिली. बसले. पण मावशीने प्रेमाने दिलेले १०० मिलीचे तीन परफ्युम त्यात टाकले की झाले २१००. बाद! आणि समजा १८० प्रवाशांनी प्रत्येकी पूर्ण २ किलो नेले, तर एका विमानात ३६० किलो होतील. मर्यादा का आहे ते यावरून कळतं.

आदल्या रात्री एवढं करा

• सगळे डबे आधी गादीवर मांडा. लेबल वाचा. अंगाला लावायचे एका बाजूला, बाकीचे खोलीतच ठेवा. स्पर्धेला रंग लागणार असेल तर तिथल्या गावात विकत घ्या. शंभर-दोनशे रुपये वाचवायला जाऊ नका.

• टोपण घट्ट बसवा. सैल वाटलं तर वरून चिकटपट्टी लावा. गंजलेला किंवा पोचा पडलेला डबा नेऊच नका.

• प्रत्येक डबा वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, कपड्यांच्या मधोमध ठेवा. पाने, बूट, बॅगेची कडक कडा यांच्यापासून लांब.

• पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेत. लॅपटॉपही जवळच ठेवा. मोठ्या बॅगेत ठेवावाच लागला तर पूर्ण बंद करून, स्लीपमध्ये नव्हे, आणि डब्यांपासून दूर.

• बॅग चेनवर गुडघा ठेवून लावावी लागत असेल तर सामान जास्त झालंय असं समजा. काहीतरी काढा.

• विमानतळापर्यंत बॅग गाडीच्या डिकीत उन्हात तापत ठेवू नका.

• आणि काउंटरवर विचारलं की कार्ड बघा, विचार करा, खरं सांगा. "दोन डिओ आहेत, टोपण लावलंय." दहा सेकंद लागतात. आठवत नसेल तर बॅग उघडून बघा. मागची रांग थांबेल, काही बिघडत नाही.

जाता जाता होस्टेलबद्दल

विमानात बसायचं नसलं तरी हे गणित खोलीतही लागू आहेच. लायटरसमोर डिओ मारून ज्वाळा काढायचा खेळ सगळ्यांनी बघितलाय. तो बंद करा. खोली बंद करून अर्धा डबा हिट मारायचा आणि लगेच पाणी तापवायचा रॉड लावायचा, हेही नको. आणि होळीत किंवा मागच्या कचऱ्याच्या शेकोटीत 'रिकामे' डबे टाकू नका. 'वापरून झाल्यावरही जाळू नका, भोक पाडू नका' असं डब्यावर छापलेलं असतं, ते उगाच नाही. आत उरलेली वाफ, वर पत्रा मऊ करणारी आग. गेल्या होळीला जो 'बॉम्ब' वाजला आणि आपण टाळ्या वाजवल्या, त्याचा पत्रा कोणाच्या डोळ्यात गेला नाही हे नशीब. साफसफाईला येणाऱ्या मावशींच्या हातात कचरा जातो, त्यांच्यासाठी तरी हे डबे वेगळे ठेवूया.

त्या लाल शर्टांपैकी एक मी टाकलेला नाही. कपाटात दारामागे टांगलाय. पुढच्या महिन्यात टीमचे ज्युनिअर स्पर्धेला निघतील, त्यांच्या पॅकिंगच्या रात्री तो घेऊन मी खोलीत जाणार आहे. त्यांनी हसावं, चेष्टा करावी, मग बॅगेतले डबे गादीवर मांडावेत. त्या कर्मचाऱ्याने मला विचारलेला प्रश्न आपल्या कॉलेजच्या कोणाला पुन्हा कोणी विचारू नये, एवढीच इच्छा.

सर्वांना सुखरूप प्रवासाच्या शुभेच्छा!

– अंतिम वर्ष, मेकॅनिकल